सर्व्हर डाऊन नसतो, वायर सुटलेली असते

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या सरकारी कार्यालयात माझ्या स्वतःच्या कामासाठी गेलो होतो. कुठला तालुका ते सांगत नाही, कारण हे कुठल्याही तालुक्यात घडतं. खिडकीपाशी पंधरा-वीस माणसं उभी. आत एक ताई बसलेल्या, समोर कॉम्प्युटर, आणि स्क्रीनवर ते गोल फिरणारं चक्र.

"सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

माझ्या पुढं एक बाबा होते. धोतर, टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. नातीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. म्हणाले, "ताई, काल बी हेच सांगितलं तुम्ही. येष्टीनं जाऊन-येऊन दिवस जातोय माझा."

ताई तरी काय करणार? त्यांनाही घरी जाताना शिव्या खाऊनच जायचं असतं.

मी सवयीनं टेबलाखाली नजर टाकली. पायाशी धूळ, चपला, एक्स्टेंशन बोर्ड, आणि कॉम्प्युटरच्या मागं अर्धवट लोंबकळणारी निळी केबल. प्लगची खिट्टी तुटलेली. खुर्ची जरा मागं सरकली की केबल ओढली जाते आणि प्लग दोन मिलिमीटर बाहेर येतो. म्हटलं, "ताई, मी जरा वाकून बघू का?" त्या हसल्या, "बघा की, तुम्ही काय इंजिनीअर आहात का?" प्लग दाबला. हिरवा दिवा लागला. चक्र थांबलं, पान उघडलं.

बाबांचा अर्ज पाच मिनिटांत पुढं गेला. जाताना मला म्हणाले, "मंत्र मारला का काय रं?"

मंत्र नव्हता. बाजारात पाच-दहा रुपयाला मिळणारा एक प्लॅस्टिकचा प्लग होता. तो बदलायला दोन मिनिटं लागतात. पण तो बदलायचं काम कुणाचं, हे त्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. आजची पोस्ट त्या प्लगबद्दल आहे. मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधीच सांगतो, सर्व्हर खरोखर डाऊन असतो तेव्हा असतोच. मुंबई-पुण्यात काही बिघडलं तर सातारा-सांगलीत बसून कुणी काही करू शकत नाही. पण वीस-बावीस वर्षं या दोन जिल्ह्यांत केबल ओढून झाल्यावर माझा अनुभव असा, की "सर्व्हर डाऊन" म्हणून सांगितलेल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्याच खोलीत, त्याच भिंतीत, नाहीतर त्याच टेबलाखाली असतं.

मी हे काम शिकलो सांगलीत. पहिलं काम गणपती पेठेजवळच्या एका जिन्यावरच्या पतसंस्थेत. माझे उस्ताद, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, त्यांनी एक काळी गोल केबल हातात दिली. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी. तेव्हा जुन्या ऑफिसांतून ती अजून होती. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळ लावायची. प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागं इंग्रजी 'टी'च्या आकाराचा जोड, आणि माळेच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचं टोपण. यातला एक जोड जरी सैल झाला तरी सगळी माळ बंद. झाडूवाल्या मावशींनी एका टेबलाखाली झाडू मारला की अख्ख्या पतसंस्थेचं काम थांबायचं, आणि आम्ही हातात टोपण घेऊन एकेक जोड तपासत बसायचो.

मामा म्हणायचे, "ह्यातलं एक बरं आहे. एकाचं बंद पडलं की सगळ्यांचं पडतं, म्हणून दुरुस्ती लगेच होते."

तेव्हा हसलो होतो. आता पटतं. नंतर आठ तारांची केबल आली, मध्ये स्विच आला, प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी लाईन मिळाली. एकाचं बंद पडलं तर बाकीच्यांचं चालतं. आणि मग त्या एकाकडं कोणी बघतच नाही.

त्या आठ तारांची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

केबलच्या आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची आणि एक पांढरी, त्या रंगाची रेघ असलेली. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही युक्ती नवी नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८१ साली पिळलेल्या तारांच्या जोडीचं पेटंट घेतलं होतं. एका तारेतून सिग्नल जातो, दुसरीतून तोच सिग्नल उलटा. बाहेरचा गोंगाट, म्हणजे ट्यूबलाइटचा चोक, पंखा, शेजारची विजेची वायर, दोन्ही तारांवर सारखाच बसतो. पलीकडच्या टोकाला दोन्हींची वजाबाकी होते, गोंगाट कटतो, सिग्नल उरतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, म्हणजे एका जोडीचं बोलणं दुसरीला ऐकू जात नाही.

म्हणून प्लग बसवताना केबल सोलायची ती मोजकी. पीळ उकलायचा तो अर्ध्या इंचाच्या आत. आणि रंगांचा क्रम ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

बघा, हिरवी जोडी मध्येच फोडलीय. तिच्यातली एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या जागी, आणि मध्ये निळी जोडी बसलीय. नवीन पोराला हे विचित्र वाटतं. त्याला वाटतं, जोड्या ओळीनं लावाव्यात, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, दिसायलाही छान. पण टेलिफोनच्या जमान्यापासून मधल्या दोन जागा फोनच्या जोडीच्या. म्हणून हिरवीला दोन्ही बाजूला पाय टाकून उभं राहावं लागतं. पूर्वीच्या शंभरच्या स्पीडला एक ते दोन आणि तीन ते सहा या जोड्याच काम करतात. आताच्या हजारच्या स्पीडला चारही लागतात.

हे मला पाठ होतं. पण याची खरी किंमत कळली माण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये.

माण म्हणजे साताऱ्याचा दुष्काळी पूर्व भाग. शाळेत सरकारी योजनेतून लॅब मिळालेली, वीस कॉम्प्युटर. हेडमास्तरांचा कुणाकडून तरी निरोप आला, "येऊन जरा बघा, दोन वर्षं झाली, अर्धी लॅब बंद आहे." गेलो. लॅबला कुलूप होतं. किल्ली शिपाईमामांकडं. आत गेल्यावर मशिनांवर प्लॅस्टिकची कव्हरं, आणि फळ्यावर कुणीतरी खूप दिवसांपूर्वी लिहिलेली तारीख.

सरांनी सगळा इतिहास सांगितला. आधी सांगितलं व्हायरस आहे. मग सांगितलं मशिन खराब आहेत. मग सांगितलं स्विच बदला. शाळेनं गावात वर्गणी काढून स्विच बदलला. तरी तेच. "दादा, गंमत अशी आहे की खिडकीकडची मशिनं चालतात, भिंतीकडची चालत नाहीत. पोरं म्हणतात वास्तुदोष आहे."

स्विच खिडकीपाशी होता. मी टेस्टर लावला. एकापासून आठपर्यंत आठही दिवे ओळीनं लागले. एक, दोन, तीन... सगळं ठीक. दुसरी केबल, तीही ठीक. वीसच्या वीस केबली टेस्टरला पास. मी पण गोंधळलो. मग एक प्लग उजेडात धरला आणि रंग बघितले.

ज्यानं काम केलं होतं, त्यानं जोड्या ओळीनं लावल्या होत्या. दोन्ही टोकांना तसंच. म्हणून टेस्टर फसला. टेस्टर एवढंच बघतो, की या टोकाची तिसरी तार त्या टोकाला तिसरीच आहे का. तिची जोडीदार कोण, हे त्याला कळत नाही. त्या केबलमध्ये तीन नंबरला हिरव्या जोडीतली तार होती आणि सहा नंबरला निळ्या जोडीतली. म्हणजे एकाच कामाला लावलेल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच नव्हत्या. गोंगाट कटायचा कसा? स्विचजवळच्या आखूड केबलीवर निभावून गेलं. लांबच्या केबलीवर सिग्नल विरघळला. खिडकीकडची चालतात, भिंतीकडची नाहीत. हाच तो वास्तुदोष.

वीस केबल, चाळीस प्लग. मी एकटा करत बसलो असतो. पण त्या शनिवारी आठवीचा वर्ग रिकामा होता, तर सर म्हणाले, "पोरांना दाखवा." आधी नकोच वाटलं, पोरं केबल वाया घालवतील. पण फळ्यावर रंगांचा क्रम लिहिला, आणि अर्ध्या तासात पोरी माझ्यापेक्षा भराभर तारा सरळ करायला लागल्या. घरी रांगोळीचे रंग लावायची, दोरा ओवायची सवय असलेली बोटं ती. दाबायची पकड मी धरायचो, बाकी सगळं त्यांनी केलं. एका मुलीनं विचारलं, "काका, टेस्टरनं सगळं बरोबर दाखवलं, तरी चुकीचं होतं. मग बरोबर आहे का नाही ते बघायचं कशानं?"

मी म्हटलं, "डोळ्यानं."

दुसऱ्या दिवशी रविवारी वीसच्या वीस मशिनं चालू झाली. मुलांनी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी लावली, वर चिकटपट्टी. खर्च किती आला? प्लग आणि चहा. सर खूश झाले. पण घरी येताना माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. दोन वर्षं. म्हणजे आठवी-नववीच्या दोन बॅचेस त्या खोलीला कुलूप बघत बाहेर पडल्या. तिथल्या मुलाला गावात दुसरीकडं कुठं कॉम्प्युटर बघायला मिळणार होता? सरकारदरबारी मात्र त्या शाळेत वीस कॉम्प्युटर आहेत असं दोन्ही वर्षं लिहिलेलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, बघा, हा किती चांगला कारागीर. म्हणून आता दुसरी गोष्ट सांगतो. ही मी आजवर लिहिलेली नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेचं काम एका ठेकेदाराकडून माझ्याकडं आलं. केबलचे बॉक्स त्यानंच पाठवले. तीनशे पाच मीटरचा बॉक्स असतो, हजार फूट. आमच्यासारख्याला तो उचलल्याबरोबर कळतं. बॉक्स हलका होता. ब्लेडनं एक तार खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, म्हणून बॉक्सच्या वजनावरूनच चोरी पकडता येते. असल्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या पुढं. दोन-चार वेळा वाकवली की आतल्या आत तुटते. दमट हवेत प्लगपाशी गंज धरते. नेटवर्क केबलच्या मानकात ती बसतच नाही. पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'कॅट सिक्स' छापलेलं असतं, आणि खऱ्या केबलपेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

मी ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, "तुला काय करायचंय? पॉइंट मोजून बिल होतं. वजन करून होत नाही."

माझे त्याच्याकडं आधीचे पैसे अडकले होते. घरी अडचण होती. मी केबल ओढली. पट्ट्या मारल्या, प्लग लावले, टेस्टरचे आठ दिवे दाखवले, मुख्याध्यापिका बाईंची सही घेतली. बाईंनी मला पेढा दिला होता.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती लॅब बंद पडली. मला कसं कळलं? बाईंनीच फोन केला. त्यांना वाटलं, काम चांगलं केलेला माणूस म्हणजे मीच. मी गेलो, दोन-तीन प्लग बदलले, चार मशिनं चालू करून दिली, पैसे घेतले नाहीत. पण खरं काय ते सांगितलं नाही. भिंतीतली केबलच खोटी आहे, हे सांगायचं म्हणजे मी ती ओढली हे सांगायचं. बाई नंतर रिटायर झाल्या.

हे लिहायचं कारण पश्चात्तापाचं प्रदर्शन नाही. कारण असं, की ठेकेदार जे बोलला ते खरं होतं. "पॉइंट मोजून बिल होतं." आपल्याकडच्या कामांच्या यादीत कॉम्प्युटर किती, कोणत्या कंपनीचे, किती जीबीचे, सगळं लिहिलेलं असतं. खाली एक ओळ असते, 'केबलिंग, एकरकमी'. तांबं शुद्ध पाहिजे असं लिहिलेलं नाही. टेस्ट रिपोर्ट जोडा असं लिहिलेलं नाही. कुठली केबल कुठं जाते याचा नकाशा द्या असं लिहिलेलं नाही. विजेची वायर टाकायला परवाना लागतो, त्यासाठी आयटीआयला वायरमनचा ट्रेड आहे, तपासणी आहे. नेटवर्कच्या केबलला यातलं काहीच लागत नाही. पकड हातात असली की झाला तो इंजिनीअर. मीही तसाच झालो.

आता सांगलीकरांच्या जिव्हाळ्याचा विषय, पूर.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते दिवस सांगायची गरज नाही, आपण सगळ्यांनीच ते भोगलेत. पाणी उतरल्यावर कितीतरी दुकानं, दवाखाने, ऑफिसं यांची केबलिंग आम्ही उपसून काढली. केबलच्या आवरणात चिखलाचं पाणी शिरलेलं. टोक कापलं की नळासारखं ठिबकायचं. वरून वाळली तरी आतलं पाणी जात नाही, ती केबल फेकावीच लागते. स्विचचे रॅक तळमजल्यावर, तेही जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, कारण उंचावर बसवलं की हात पोचत नाही.

आम्ही पोटतिडकीनं सांगत होतो, रॅक वरच्या मजल्यावर घ्या, केबल छताकडून खाली सोडा, म्हणजे बुडालंच तर खालचा तुकडा बुडेल, मुख्य भाग वाचेल. काहींनी ऐकलं. पण काही ठिकाणी मला उत्तर मिळालं, "मंजुरी 'जसं होतं तसं' करायची आहे." भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दिसतेय, आणि तिच्या खाली आम्ही नवीन रॅक ठोकतोय. जुलै २०२१ला पुन्हा पाणी आलं. पुढचं सांगायला नको.

साताऱ्याच्या बाजूला पुरापेक्षा विजेचा त्रास. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल हवेत ओढली, की वळवाच्या पावसात एक कडकडाट पुरतो. वीज थेट पडायलाही लागत नाही, जवळ पडली तरी दोन्हीकडचे स्विच जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाकायचं असतं, काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. हे काही गुपित नाही. पण जुनी घरातली केबल शिल्लक असते, म्हणून तीच बाहेर ओढली जाते. उन्हानं आवरण तडकतं, पावसाचं पाणी शिरतं, माकडं झोके घेतात. मग "नेट नाही."

मला दरवेळी कुणीतरी विचारतं, आता वायफाय आहे, फाइव्ह-जी आहे, वायरी कशाला पाहिजेत? अहो, वायफायच्या डबीलाही मागून वायरच येते. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीत वायफाय शिरत नाही. आणि चाळीस मुलं एका डबीवर बसली की काय होतं, ते कुठल्याही गुरुजींना विचारा.

पण वायरीचा हट्टही नको, हे आपल्याच भागानं दाखवलंय. वारणा नदी म्हणजे सांगली-कोल्हापूरची हद्द. १९९८ साली केंद्र सरकारची एनआयसी, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह यांनी मिळून नदीच्या दोन्ही अंगांची ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प हाती घेतला. 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर नाव झालं. गावागावांत केंद्रं झाली, शेतकऱ्याला तिथं उसाचं वजन, खताची उचल, बिलाची रक्कम कळायची. ही चांगलीच सोय होती. पण जाहीर झालेलं बाकीचं बरंचसं, शेतीचा सल्ला, दाखले वगैरे, फारसं चाललं नाही, आणि मशिनं सांभाळणं जड जायला लागलं. पुढं २००६-०७ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन केंद्रातली माणसं आली. त्यांनी बघितलं, की शेतकऱ्याला मुख्यतः उसाचीच माहिती लागते. मग सात गावांत कॉम्प्युटर बाजूला ठेवून मोबाईलच्या एसएमएसवर तीच माहिती दिली. आठ महिने चाललेल्या त्या प्रयोगाला नावच दिलं, 'वारणा अनवायर्ड'. आणि ते लोकांना आवडलं.

काही लोक यातून असा अर्थ काढतात की वायर हरली. मला तसं वाटत नाही. काम काय आहे ते बघून साधन निवडावं, आणि जे निवडलं ते सांभाळायचं कुणी हे पहिल्या दिवशी ठरवावं. वारणेत निदान कारखाना नावाचा एक मालक होता, ज्याला शेतकऱ्याला तोंड द्यायचं होतं. म्हणून चुका लक्षात तरी आल्या.

आता भारतनेट बघा. २०११ साली योजना मंजूर झाली, २०१५ला हे नाव मिळालं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं. फायबर आलं कुठं? ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत. तिथं एक पेटी बसली. त्या पेटीपासून शाळा शंभर मीटरवर, उपकेंद्र दीडशे मीटरवर, तलाठ्याचं ऑफिस तर कित्येकदा त्याच आवारात. शेकडो किलोमीटर खोदून आलेला रस्ता शेवटच्या शंभर मीटरला येऊन थांबतो, कारण त्या शंभर मीटरला मालक नाही. मी पाहिलेल्या काही पेट्यांवर तर पेपरचा गठ्ठा आणि ग्रामसभेची सतरंजी ठेवलेली होती.

आपल्याकडं २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, हे लिहिलेलं आहे. पण प्लग किती दिवसांत बदलायचा, हे कुठंच लिहिलेलं नाही.

म्हणून या पोस्टच्या निमित्तानं काही गोष्टी मागतोय. ग्रामपंचायत सदस्य, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, गुरुजी, बाई, सगळ्यांसाठी. यातल्या एकालाही मोठा पैसा लागत नाही.

१. तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीत नवीन केबलिंग होत असेल तर एक फूट तुकडा मागून घ्या आणि तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर सही करू नका.

२. प्लग उजेडात धरून रंग बघा. क्रम वर दिलाय. स्क्रीनशॉट काढून ठेवा. हिरवी जोडी फुटलेली आणि मध्ये निळी असली पाहिजे.

३. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर, आणि रॅकच्या दारावर एक कागद, कुठला नंबर कुठल्या खोलीत. माणच्या पोरांनी हे वहीच्या कागदावर केलं, तुम्हीही करू शकता.

४. कामाच्या कागदात 'केबलिंग, एकरकमी' अशी ओळ दिसली तर हरकत घ्या. शुद्ध तांबं, टेस्ट रिपोर्ट, एक वर्ष दुरुस्ती, एवढे शब्द घालायला लावा. एका तुकड्यात शंभर मीटरपेक्षा लांब केबल नको. दोन इमारतींमध्ये फायबर.

५. नदीकाठच्या गावांनी रॅक २०१९च्या रेघेच्या वर ठोकावा. मंजुरीत काहीही लिहिलेलं असो.

६. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर आणि नेटवर्क देखभालीचा ट्रेड आहे. ती मुलं पास होऊन पुण्याला आठ-दहा हजारावर जातात. पाच-सहा गावांनी मिळून त्यातला एक मुलगा किंवा मुलगी महिन्याला ठराविक मानधनावर ठेवली, तर गावातलं पोर गावात राहील आणि बाबांची येष्टीची फेरी वाचेल.

हे वाचून कदाचित तो ठेकेदार मला फोन करेल. करू दे. त्या शाळेत मी परवा जाऊन आलो. आता तिथं नवीन मुख्याध्यापक आहेत. त्यांना सांगितलं, सर, ही भिंतीतली केबल मी ओढलीय आणि ती खोटी आहे. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "बदलायला किती लागतील?" मी म्हटलं, केबलचे पैसे शाळेनं बघावेत, मजुरी माझी नको. दिवाळीच्या सुट्टीत काम करायचं ठरलंय. आठवी-नववीची मुलं मदतीला असतील. या वेळी बॉक्स आधी वजन करून घेणार आहे, त्यांच्यासमोर.

तुमच्या गावातल्या शाळेची लॅब चालू आहे का? कुलूप असेल तर ते किती दिवसांपासून आहे? खाली कमेंटमध्ये तालुका आणि अंदाजे महिने लिहा, शाळेचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. रविवारी मी मोकळा असतो. कराड ते मिरज या पट्ट्यात कुठंही बोलवा, पकड आणि टेस्टर घेऊन येतो. चहा तेवढा तुमचा.